‘बीप’नंतर माणूस काय बोलतो?

माझ्या मावसभावाचं गोव्यात डिचोलीला मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींची तार नव्याने भरून देण्याचं दुकान आहे. फेब्रुवारी ते मे हा त्याचा हंगाम. सत्तरी तालुक्यातल्या कुळागरांना, म्हणजे पोफळीच्या बागांना, तेव्हा रोज पाणी लागतं, पंप तासन्‌तास चालतात आणि जळतातही. दुकानात ग्राइंडर सुरू असला की खिशातला फोन ऐकू येत नाही, आणि कोणाच्या विहिरीवर गेलं की रेंज नसते. म्हणून मार्चमध्ये त्याने व्हॉइसमेल सुरू केलं: फोन उचलला नाही की आधी त्याचा रेकॉर्ड केलेला निरोप वाजतो, मग ‘बीप’ होतो आणि फोन करणाऱ्याचं बोलणं साठवलं जातं. पहिल्याच आठवड्यात निरोप आला: “मोटर जळ्ळी रे, बेगीन यो” (लवकर ये). नाव नाही, गाव नाही. आलेल्या नंबरावर उलट फोन केला तर तो एका भुसारी दुकानाचा निघाला. कोण येऊन फोन करून गेलं ते दुकानदाराला आठवेना. भाऊ दोन दिवस अस्वस्थ होता. पाण्यावाचून उभी असलेली कुणाची तरी पोफळ त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

त्याने मला विचारलं, यंत्रणा बदलू का? मी त्याच्याच नंबरावर फोन लावला आणि पलीकडे वाजणारा त्याचा रेकॉर्ड केलेला निरोप ऐकला. मागे ग्राइंडर, पुढे घाईत म्हटलेलं “आम्ही सध्या उपलब्ध नाही, कृपया संदेश ठेवा.” यंत्रणेत काही खोट नव्हती, खोट त्या निरोपात होती.

आवाज साठवून ठेवणं ही अडचण तशी फार पूर्वीच सुटली आहे. डॅनिश अभियंता वाल्डेमार पौलसेन याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाने आवाज उमटवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मालक घरी नसताना टेलिफोनवरचा निरोप टिपता यावा, हीच त्यामागची कल्पना होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्या यंत्रावर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ बोलला. ते ध्वनिमुद्रण आजही टिकून आहे. आता तर हिशेब अगदी सोपा. साध्या टेलिफोन पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, प्रत्येकाला एक बाइट. म्हणजे मिनिटाला ४८० किलोबाइट, आणि एका जीबीत जवळजवळ ३५ तासांचे निरोप. जागेची चिंता करायचं कारणच नाही.

चिंता करावी ती आवाज ज्या वाटेने येतो तिची. जुन्या टेलिफोन पद्धतीत ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच पट्टा पुढे जातो. नव्या व्होल्टी (फोर-जी नेटवर्कवरच्या) कॉलमध्ये तो ५० ते ७००० पर्यंत रुंद असू शकतो, पण कॉल वळवताना वाटेत एक टप्पा जरी जुन्या पद्धतीचा आला तरी सगळा आवाज त्याच अरुंद गाळणीतून जातो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झचा, म्हणजे गाळणीच्या खालीच राहतो. तरी आपण फोनवर काकांचा जाड आवाज ओळखतो. मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर पोचलेले असतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू न पोचलेला सूर भरून काढतो. मला हे दरवेळी विलक्षण वाटतं.

व्यंजनांच्या बाबतीत मात्र मेंदूला एवढा आधार मिळत नाही. ‘स’ म्हणताना जो फुत्कार निघतो, त्याची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. ती गाळणीतच अडकली की ‘स’ आणि ‘फ’ जवळजवळ सारखे वाटू लागतात. कॉल तुटक येत असेल तर सरदेसाई की फळदेसाई, हे कान टवकारूनही कळत नाही. ‘सात’ आणि ‘साठ’ यांच्यातला फरक तर एका व्यंजनाचा. म्हणून नंबर सांगताना ‘सदुसष्ट’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणावं, आणि समोरच्यालाही तसंच सुचवावं.

ग्राइंडरचं प्रकरण वेगळं. मोबाइलवर आवाज जसाच्या तसा जात नाही. त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात, आणि हा आवाज माणसाच्या घशा-तोंडातून निघाला असेल तर घशा-तोंडाची ठेवण त्या क्षणी कशी असेल, याचं गणित पाठवलं जातं. त्यामुळेच इतक्या कमी माहितीत बोलणं स्पष्ट पोचतं. ग्राइंडर, पंखा किंवा पेटीचे सूर त्या गणितात नीट बसत नाहीत, आणि बोलण्याच्या मागे ते असले की बोलणंही चिरकतं. निरोपामागे गाणं लावायची हौस अनेक दुकानदारांना असते. माझं मत, ती टाळावीच. आम्ही भावाचा निरोप घरी, कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर उभं राहून रेकॉर्ड केला. टाइल्सच्या खोलीतला घुमारा कपडे शोषून घेतात.

शब्दांवर आम्ही जास्त वेळ घालवला. नुसतं ऐकलेलं बोलणं मनात घोळवत ठेवायची आपली क्षमता साधारण दोन सेकंदांची. गोव्यात कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत पूर्ण निरोप म्हटला तर इंग्रजीवाला अर्धा मिनिट ताटकळतो आणि फोन ठेवतो. म्हणून फक्त कोकणी, आणि शेवटी “हिंदीसाठी दोन.” आधी काम, मग आकडा, कारण शेवटी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं. दोनचं बटण दाबलं की ६९७ आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम जातात. जोड्या अशा निवडल्या आहेत की माणसाच्या बोलण्यातून त्या चुकून सहसा तयार होत नाहीत. मधलं वाक्य आम्ही पाच वेळा बदललं. शेवटी ठरलं: “नांव, गांव, मोटर किती एचपीची, आनी तुमचो नंबर दोन फावट (दोनदा) सांगात. सांजे मेरेन फोन करतां.” संध्याकाळपर्यंत फोन येणार म्हटल्यावर माणूस निर्धास्त बोलतो.

कॉल किती वेळाने व्हॉइसमेलवर जावा? आपल्याकडची दुहेरी रिंग तीन सेकंदांनी परत वाजते. आम्ही १५ सेकंद ठेवले, पाच रिंगा. कॉल वळवण्याचं काम मोबाइल कंपनीकडूनच करून घ्या. अनोळखी माणसाने सांगितलेले कोड दाबायला लावून होणारी फसवणूक इतकी वाढली, की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवण्याची सोय स्थगित करायला लावली. आणि निरोप ऐकण्यासाठी कंपनीने दिलेला पिन पहिल्याच दिवशी बदला. ब्रिटनमध्ये पत्रकारांनी न बदललेल्या पिनांच्या आधारे लोकांचे निरोप चोरून ऐकले, आणि त्या प्रकरणात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वृत्तपत्र २०११ साली बंद पडलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी दुकानात होतो. भावाने ग्राइंडर थांबवून निरोप लावला. मागे कुत्रं भुंकत होतं, बोलणारा धापा टाकत होता. नाव, मग “गांव म्हाऊस, देवळाकडेन येवन विचार”, मग “तीन एचपी… ना, ना, पांच”, आणि दहा आकडे, सावकाश, दोनदा. भावाने दुकानातली पाच एचपीची सुटी मोटर टेम्पोत चढवली. जळलेली भरून होईपर्यंत तीच तिथे चालणार होती.