प्लास्टरची अर्धवट मूर्ती अन् तिचा जुना फोटो, थोडी पार्श्वभूमी

नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, रंग न लागलेल्या मूर्त्या पाहणाऱ्या नागपूरकराला अर्धवट प्लास्टर मूर्तीचा जुना फोटो परका वाटत नाही, पांढरी आकृती, हात अर्धवट, अंगावर रेघा. पण हे टाकून दिलेलं काम समजू नका हो. शिल्पकार आधी लोखंडी सांगाड्यावर मातीत काम करतो, ती माती ओल्या फडक्यात ठेवावी लागते नाहीतर तडकते, मग तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतात, त्यात परत प्लास्टर ओततात अन् साचा छिन्नीनं फोडून काढतात. या सगळ्यात मूळ माती जाते, म्हणजे कलाकाराच्या हाताचं जे उरतं ते प्लास्टरमध्येच. त्या रेघाही बरेचदा साच्याच्या जोडाच्या असतात, भेगा नाही.

पुढं संगमरवर नाहीतर ब्राँझ करायचं तर पैसा लागतो अन् तो ऑर्डरशिवाय येत नाही, त्यामुळे कितीतरी कामं इथंच थांबली.

पॅरिसचा शिल्पकार ऑग्यूस्त रोदँ तर अर्धवट कामांचे फोटो मुद्दाम काढवून घ्यायचा अन् प्रिंटवरच शाईनं रेघा मारून पुढचे बदल ठरवायचा. त्यानं केलेला फ्रेंच लेखक बाल्झाकचा पुतळा ज्या लेखक संघटनेनं करायला सांगितला होता तिनंच १८९८ मध्ये नाकारला, मग ते प्लास्टर त्यानं पॅरिसजवळच्या म्यूदाँमधल्या आपल्या घरी नेलं, १९०८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेननं तिथं चांदण्यात त्याचे फोटो काढले, अन् ब्राँझ पॅरिसच्या रस्त्यावर लागलं १९३९ मध्ये. रोदँ १९१७ मध्येच गेला होता!

पण मला जास्त जवळची वाटते ती शिल्पकार गणपतराव म्हात्रेंची 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती. १८९६ चं काम, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकणारा तरुण मुलगा, नऊवारी नेसून देवळाकडं निघालेली बाई, अन् तीही प्लास्टरमध्येच. रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला, इंग्लंडात भारतीय कलेचे जाणकार जॉर्ज बर्डवूड यांनी तोंडभरून कौतुक केलं, तेही फोटो पाहून. फोटो नसता तर ती एवढ्या लांब पोचलीच नसती असं माझं ठाम मत आहे.

म्हणून असा फोटो घरच्या जुन्या पेटीत सापडला तर मूर्ती अपुरी दिसते म्हणून फेकू नका, मागं स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलीनं लिहिलेलं काही आहे का पाहा, अन् लॅमिनेशन तर अजिबात करू नका.