३९वी ऑस्ट्रेलियन पायदळ बटालियन (दुसरे महायुद्ध)

व्हिक्टोरिया राज्यातील डार्ली छावणीत १ ऑक्टोबर १९४१ रोजी उभारलेली मिलिशिया (देशाच्या रक्षणापुरते उभारलेले नागरी सैन्य) बटालियन. पापुआतील (न्यू गिनी बेटाचा आग्नेय भाग) कोकोडा पायवाटेवर जुलै १९४२ मध्ये जपानी फौजेची पहिली धडक पापुआन इन्फन्ट्री बटालियनसोबत हिने झेलली. याच क्रमांकाची पहिल्या महायुद्धातली बटालियन १९१६ साली बॅलरॅटला उभी राहून फ्रान्स-बेल्जियममध्ये लढली होती.

मिलिशियाला कायद्याने ऑस्ट्रेलियाच्या भूमीबाहेर धाडता येत नसे. पापुआ ऑस्ट्रेलियाच्याच अखत्यारीत असल्याने ही अडचण उरली नाही. परदेशी लढाईसाठी स्वेच्छेने भरती झालेले सैनिक या पोरांना ‘चोको’, म्हणजे आच लागताच वितळणारे चॉकलेटचे शिपाई, म्हणून हिणवत. जानेवारी १९४२ च्या सुरुवातीला बटालियन पोर्ट मोर्सबीला उतरली. पुढचे महिने जहाजे रिकामी करण्यात आणि मोर्चे खणण्यात गेले. लढाईचा सराव त्या मानाने फार थोडा झाला.

जुलैमध्ये कॅप्टन सॅम टेम्पलटन यांची बी कंपनी ओवेन स्टॅनले डोंगररांग ओलांडून कोकोडाला पोहोचली. पायवाट सुमारे ९६ किलोमीटरची, चिखलाची, सतत चढउताराची. खरा पेच रसदीचा होता. वाहकांची व्यवस्था पाहणारे बर्ट किएन्झल यांनी त्याचे गणित मांडले होते: अन्नाचे ओझे वाहणारा वाहक ते एकटाच १३ दिवसांत खाऊन संपवतो, त्याच ओझ्यावर एका सैनिकालाही जेवू घालायचे तर ते साडेसहा दिवस पुरते. वाट मात्र आठ दिवसांची, आणि काडतुसांचे वजन यात धरलेलेच नाही. म्हणजे नुसत्या पाठीवर मोहीम चालणे अशक्य; रसद विमानातून टाकणे भाग होते. किएन्झल यांनीच ऑगस्टच्या सुरुवातीला मायोला हे कोरडे, गवताळ तळे त्यासाठी शोधून काढले. हवाई छत्र्यांअभावी पोती तशीच खाली ढकलत. बरीच फुटत, काही जंगलात पडून सापडतच नसत. १७ ऑगस्टला मोर्सबीच्या धावपट्टीवर जपानी बॉम्ब पडले आणि मालवाहू विमानेही हातची गेली. जखमींना खाली आणायला परत वाहकच लागत. काठ्यांना घोंगडी बांधून केलेल्या एका स्ट्रेचरमागे आठ जण, म्हणजे तितकी माणसे रसदीवरून कमी.

२३ जुलैला आवाला येथे पहिली चकमक झाली. तीन दिवसांनी ओईवीजवळ टेम्पलटन बेपत्ता झाले. २८-२९ जुलैच्या रात्री कोकोडाच्या पठारावर कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल विल्यम ओवेन धारातीर्थी पडले आणि उरलेले सैनिक धुक्याच्या आडोशाने डेनिकीकडे हटले. ८ ऑगस्टला एका कंपनीने कोकोडा जवळजवळ लढाईविनाच परत घेतले. विमानांनी कुमक उतरवावी म्हणून तिथून इशाऱ्याची फ्लेअर सोडली, पण विमान उतरलेच नाही. काडतुसे आणि अन्न संपत आल्यावर १० ऑगस्टच्या रात्री जागा सोडावी लागली. धावपट्टी हातात असूनही तिचा उपयोग करता आला नाही, ही या मोहिमेतली सर्वांत महागात पडलेली चूक म्हणायला हवी.

१६ ऑगस्टला राल्फ हॉनर यांनी सूत्रे घेतली आणि इसुरावा येथे पाय रोवले. फावडी पुरेशी नसल्याने खंदक संगिनी आणि हेल्मेटांनी खोदले. २६ ऑगस्टला हल्ला सुरू झाला, तेव्हा आजारी-जखमी म्हणून मागे पाठवलेल्या तीस जणांपैकी सत्तावीस वाटेतून परत फिरले. स्वेच्छेने भरती झालेल्यांची २/१४वी बटालियन येऊन मिळेपर्यंत फळी टिकली; त्यानंतरही माघार टळली नाही, पण जपान्यांचे मोलाचे दिवस खर्ची पडले.

डिसेंबरात बटालियन जपान्यांच्या ताब्यातल्या गोना किनाऱ्यावर होती. उघड्या जागेतून झालेले हल्ले तिथे रक्तबंबाळ होऊन थांबत. ८ डिसेंबरला हॉनर यांनी तोफगोळ्यांना उशिरा फुटणारे फ्यूज लावायला सांगितले. मऊ जमिनीत गोळा आधी रुते, मग फुटे. बंकरमधले हादरत, पण उडणाऱ्या किरचा कमी. त्यामुळे मारा चालू असतानाच पायदळ आत घुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवले: ‘गोनाज गॉन’, म्हणजे गोना पडले.

पुढे सानानंदाच्या आघाडीवर मलेरियाने उरलेसुरले गळाले. जानेवारी १९४३ अखेर हजेरीला ७ अधिकारी आणि २५ जवान होते. मार्चमध्ये बटालियन ऑस्ट्रेलियाला परतली आणि ३ जुलै १९४३ रोजी बरखास्त झाली.