धुरी, उटी आणि दहा मिलीची बाटली: सीमाभागातल्या सुगंधी तेलांची पार्श्वभूमी

बेळगावच्या रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात वेखंड मागितलं की दुकानदार आधी विचारतो, "धुरीला पायजे की उगाळायला, वैनी?" धुरीला म्हटलं तर वेखंडाबरोबर ओवा आणि बाळंतशोपाही कागदात बांधतो. उगाळायला म्हटलं तर गाठी हातात फिरवून बघतो, किडका तुकडा बाजूला टाकतो आणि एकच कांडी देतो. माझ्या मागच्या बाईला तो तेच कानडीत विचारतो. वेखंडाचा 'बजे' होतो, ओव्याचा 'ओम' होतो, प्रश्न बदलत नाही.

तिथून थोडं पुढे काचेच्या कपाटात दहा मिलीच्या गडद बाटल्या रांगेनं मांडलेल्या असतात. चंदन, वाळा, गवती चहा, निलगिरी, लॅव्हेंडर. वेष्टनावर हजारो वर्षांच्या भारतीय परंपरेचा उल्लेख असतो. तिथे मात्र कशाला हवंय, हे कुणी विचारत नाही. मला हेच फार खटकतं, कारण आपल्याकडच्या सुगंधी औषधांचं सगळं शहाणपण त्या एका प्रश्नात आहे. परंपरा जुनी आहे यात शंका नाही. पण परंपरेत ज्याला 'तेल' म्हणत आणि बाटलीत जे असतं, ते दोन वेगळे पदार्थ आहेत.

आयुर्वेदातलं तेल म्हणजे मुख्यतः तिळाचं तेल, औषधांत मुरवून कढवलेलं. चरकसंहितेत नाकात घालायच्या अणुतैलाची कृती दिली आहे. चंदन, अगरू, वाळा अशी बरीच द्रव्यं पाण्यात उकळून काढा करायचा आणि त्या काढ्याबरोबर तेल एकदा नव्हे, दहा वेळा कढवायचं, शेवटच्या खेपेला शेळीचं दूध घालून. एवढ्या उस्तवारीनंतर हाती येतं ते सौम्य, स्निग्ध तेल. वनस्पतीचा गंध त्यात असतो, पण तिळाच्या तेलात विरलेला.

राजघराण्यांतही हीच रीत होती. आपला हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातल्या सोमेश्वर तिसऱ्याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११२९ सालचा. मराठी अभ्यासकांना तो ठाऊक असतो, कारण त्यात मराठीच्या अगदी जुन्या ओळी सापडतात. त्याच ग्रंथात राजाच्या अभ्यंगाचं वर्णन आहे: तिळांना केवडा, पुन्नाग, चाफा यांच्या फुलांचा वास लावायचा आणि मग ते तीळ घाण्याला घालून तेल काढायचं. म्हणजे गंध आधी तिळात शिरतो आणि तिळाबरोबर तेलात उतरतो. कन्नड मुलखातला राजा, संस्कृत ग्रंथ आणि आत मराठी ओळी: सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे मिश्रण आपलंसं वाटतं.

मराठीपुरती आणखी एक नोंद फार मोलाची आहे. सुगंधी द्रव्यांवरचा 'गंधवाद' नावाचा एक जुना संस्कृत ग्रंथ मराठी टीकेसह हस्तलिखितात टिकून राहिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे धूप, उटणी आणि सुगंधी तेलं कशी करायची, हे मराठीतून समजून घेणारी माणसं तेव्हाही होती.

वाफेवर अर्क काढण्याची वाट निराळी, आणि त्या बाटल्यांतली बहुतेक तेलं याच वाटेनं येतात. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीनं लिंपायचं, खाली मंद आच ठेवायची आणि बांबूच्या नळीतून निघालेली वाफ गार पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे अर्क गोळा करायच्या भांड्यात, थंडावू द्यायची. कनोजमध्ये आजही अत्तर असंच काढतात. त्यांच्या भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल घातलेलं असे, फुलाचा वास त्यातच साठे. दख्खनमध्ये अत्तराचा मोठा शौक विजापूरच्या आदिलशाहीत दिसतो. इब्राहीम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात सुगंधांवर स्वतंत्र फारसी ग्रंथ लिहिला गेला. तेव्हा बेळगावचा किल्ला आदिलशाहीतच होता. पण अत्तर ही दरबाराची, लग्नकार्याची, मानपानाची वस्तू. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन फुलं लागतात. कुणब्याच्या घरात बाळाला सर्दी झाली म्हणून कुणी अत्तर शोधत नव्हतं. तिथे शेगडीतले निखारे होते आणि वर चिमूटभर ओवा.

गवताचं तेल हा मात्र खुल्या व्यापाराचा माल होता. खानदेशातल्या रोशा गवताचं तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून खपे. दोन्हींत जेरॅनिऑल हे द्रव्य असल्यानं नाकाला सहज फरक कळत नसे. भेसळीची ही जुनी कथा सुगंधी तेल विकत घेणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे.

चंदनाची गोष्ट तर थेट राज्यांच्या सीमांशी जोडलेली आहे. टिपू सुलताननं १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं. पुढे म्हैसूर संस्थानातही चंदनावर सरकारचाच हक्क राहिला. लाकूड युरोपात जाई आणि तेल तिकडे निघे. पहिल्या महायुद्धानं ती वाट बंद पडली, लाकूड पडून राहिलं, आणि १९१६ मध्ये संस्थानानं स्वतःच तेल काढायला सुरुवात केली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात आलो आणि 'आपल्या राज्याचं चंदनतेल' ही ओळखही राज्याबरोबर चालत आली. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीतल्या चंदनाची मालकी मिळायला मात्र कर्नाटकात २००१ ची कायदादुरुस्ती व्हावी लागली.

तरी आपल्या घरात चंदन म्हणजे आधी सहाण आणि खोड. पंढरपूरला पाडव्यापासून मृग लागेपर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात, कारण देवालाही उन्हाळा लागतो. माझी आजी त्याच दिवसांत आमच्या कपाळावर उगाळलेलं चंदन लावायची आणि माठात वाळ्याची पुरचुंडी सोडायची. बोटभर गंध उगाळायला चांगली पाच-सात मिनिटं लागतात. वस्तूचं प्रमाण हाताच्या कष्टानं आपोआप ठरत असे.

मग 'अरोमाथेरपी', म्हणजे अशा सुगंधी अर्कांनी उपचार करायची पद्धत, आली कुठून? हा शब्द फ्रेंच आहे, आणि शंभर वर्षांचाही झालेला नाही. रने-मोरिस गातफोसे हे अत्तराच्या धंद्यातले रसायनशास्त्रज्ञ. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात ते भाजले, जखमा सडू लागल्या, तेव्हा त्यांनी त्यावर लॅव्हेंडरचं तेल वापरलं आणि गुण आला. भाजलेला हात त्यांनी चुकून लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला, ही सांगोवांगी खरी नाही. १९३७ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्यातून हा शब्द रूढ झाला. पुढे झाँ वाल्ने या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं जखमांवर अशी तेलं वापरली, मार्गरीट मॉरी यांनी त्यांना मालिशची जोड दिली. तिथून ही पद्धत इंग्लंडमार्गे जगभर पसरली आणि आपल्याकडे परत येताना आपल्याच परंपरेचं वेष्टन लावून आली.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अमृतधारा. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल, तिन्ही कोरडे खडे. एका बाटलीत घालून हलवले की पाण्याचा थेंब न घालता बघता बघता पातळ होतात. लहानपणी मी हे तासभर बघत बसले आहे. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल, म्हणजे हे खरोखरच वनस्पतींचे तीव्र अर्क. म्हणूनच ती थेंबाथेंबानं देत आणि बाटली फडताळात सगळ्यात वर असे.

ही वरची फळी आपण विसरलो आहोत. गवती चहाच्या चार पाती कपात उकळल्या तर त्यांतला सिट्रल हा लिंबासारख्या वासाचा घटक वाफेबरोबर हलकेच येतो. उलट शंभर किलो ओल्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल निघतं, म्हणजे तेलाच्या थेंबात बऱ्याच पात्यांचा अर्क एकवटलेला असतो. तो थेंब थेट अंगावर लावला तर कातडी जळजळते. निलगिरी आणि पुदिन्याचा तीव्र अर्क तान्ह्याच्या नाकाजवळ लावला तर श्वास अडकू शकतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. आमच्या घरातही एकदा सर्दीनं चोंदलेल्या बाळाच्या छातीला निलगिरी तेल चोळलं होतं, नुसतं, खोबरेल न मिसळता. लालभडक झालेली ती छाती अजून डोळ्यांपुढे आहे. चूक आमचीच होती, पण 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य तेव्हापासून मला सहन होत नाही.

आणि सगळं जुनं ते निर्धोक, असंही नाही. निखाऱ्याचा धूर कोंदट खोलीत बाळाच्या छातीला बाधतोच. वेखंडातल्या बीटा-ॲसरोन या घटकामुळे प्राण्यांत कर्करोगाच्या गाठी झालेल्या दिसल्या आणि अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंडाला खाद्यपदार्थांतून हद्दपार केलं. अशा गोष्टी पारखायला आपल्याला लांब जावं लागत नाही. पारंपरिक वैद्यकावर काम करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, २००६ मध्ये प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झालेली. आपल्या घरोघरच्या धुरीचा आणि उटीचा अभ्यास आपल्याच गावात व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

एक वनस्पती मुद्दाम शेवटी ठेवली आहे. दवणा. चैत्रात जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात आणि आपल्या भागातून डोंगरावर गेलेली माणसं त्याच्या करड्या-हिरव्या जुड्या घेऊन येतात. याच दवण्याची दक्षिण कर्नाटकात तेलासाठी शेती होते. हिवाळ्यात उभं राहणारं, चार महिन्यांत हाती येणारं पीक. त्याचं तेल परदेशी अत्तरांत आणि मद्याच्या स्वादात जातं. आमच्याकडे आई यात्रेतली जुडी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधते आणि लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवते. पुढच्या चैत्रात ती सोडली की काड्यांचा भुगा झालेला असतो. आई तो तुळशीत झाडते आणि नवी जुडी त्याच फडक्यात बांधते.