फॉल्स पॉझिटिव्ह (गुप्तरोगांच्या तपासण्या)

संसर्ग नसतानाही अहवालात तो असल्याचे दिसते, तेव्हा त्या निष्कर्षाला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. गुप्तरोगांच्या बाबतीत अशा एका कागदाने संसारात संशय शिरतो, म्हणून त्याची कारणे बारकाईने पाहावी लागतात.

सर्वांत परिचित उदाहरण सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएल चाचणीचे. ही चाचणी जंतूचा शोध घेत नाही. ती कार्डिओलिपिन या स्निग्ध पदार्थाशी जुळणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) शोधते, आणि ती प्रतिपिंडे हिवताप, कुष्ठरोग, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा विकार) या आजारांत, क्वचित निव्वळ गरोदरपणातही रक्तात सापडतात. मुंबईत पावसाळ्याबरोबर हिवताप वाढतो, आणि प्रसूतीसाठी नाव घालायला आलेल्या बाईची सिफिलिसची तपासणी नेमाने होते; त्यामुळे नुकताच ताप उतरलेल्या बाईच्या अहवालात ‘रिअ‍ॅक्टिव्ह, १:२’ (म्हणजे रक्तद्रव दुप्पट पातळ करेपर्यंत पॉझिटिव्ह) असे उमटू शकते. १:८ पेक्षा कमी प्रमाण शंकास्पद मानतात, पण जुन्या सिफिलिसमध्येही ते तेवढेच असू शकते, म्हणून टीपीएचए या, सिफिलिसच्या जंतूविरुद्धचीच प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीने खातरजमा करणे आवश्यक ठरते. टीपीएचए मात्र उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. तिच्यावरून जुना आणि नवा संसर्ग वेगळा करता येत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत कारण बरेचसे गणिती आहे. हजारांत दोघांना संसर्ग असलेल्या समूहात ९९.५ टक्के विशिष्टतेची (संसर्ग नसलेल्या हजारांपैकी ९९५ जणांना बरोबर निगेटिव्ह ठरवणारी) चाचणी वापरली, तर दोन खऱ्यांबरोबर सुमारे पाच खोटे पॉझिटिव्ह निघतात. म्हणूनच सरकारी आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी) केंद्रांत लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान वेगवेगळ्या तीन चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह आल्यावरच नक्की होते.

नमुना घेतानाच्या चुका अधिक साध्या आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक अक्षम्य असतात. सकाळच्या गर्दीत नळ्यांवर आधीच नावे चिकटवून ठेवली, की एकीचे रक्त दुसरीच्या नावावर जाते. रक्त काढल्यावर, रुग्णासमोरच, नाव विचारून चिठ्ठी लावणे हाच त्यावरचा उपाय. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडियाच्या जनुकीय चाचणीसाठी पुरुषाने किमान तासभर लघवी न करता पहिल्या धारेची लघवी द्यायची असते. मधल्या धारेची दिल्यास असलेला संसर्गही निसटू शकतो. याउलट, औषधे संपताच तीच चाचणी पुन्हा केल्यास मेलेल्या जंतूंचे जनुकीय अवशेष तिला सापडतात आणि बरा झालेला रुग्ण पुन्हा पॉझिटिव्ह ठरतो. त्यामुळे क्लॅमिडियाची फेरतपासणी साधारण चार आठवड्यांनंतर करतात.