राजकन्या जोआनचा मृत्यू (१३४८): पार्श्वभूमी

जोआन गेली तेव्हा १४ वर्षांची होती. इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा आणि राणी फिलिपाची ही लेक, स्पेनच्या बाजूला लग्नाला निघाली आणि वाटेत बोर्डोच्या, म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बंदराच्या, परिसरात प्लेगने गेली. एवढं सगळीकडे मिळतं, पण ती तिथे का होती आणि नेमकी कधी गेली हे शोधायला लागलं की गुंता सुरू होतो.

लहानपणी तिचं आधी ऑस्ट्रियाच्या घराण्यात ठरलं होतं. १३३८ ला बापाबरोबर समुद्र ओलांडून गेली, पुढे तिकडच्या दरबारात राहिली, मग राजकारण फिरलं आणि १३४० मध्ये तिला परत आणलं. चार-पाच वर्षांचं पोर, आई-बाप लांब, भाषा वेगळी, हे वाचताना दर वेळी पोटात कालवतं.

कॅस्टीलचं, म्हणजे स्पेनमधल्या एका राज्याचं, स्थळ नंतरचं. एडवर्डचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं; १३४६ ला क्रेसीची लढाई जिंकली, १३४७ ला कॅले बंदर घेतलं, पण फ्रान्स काही संपला नव्हता आणि कॅस्टीलकडे आरमार होतं. ते फ्रान्सच्या बाजूला गेलं तर इंग्लंड आणि बोर्डो यांच्यातला समुद्रमार्ग, म्हणजे सगळा वाईनचा व्यापार, धोक्यात. म्हणून तिथला राजा अल्फोन्सो अकरावा याच्या मुलाशी, पेद्रोशी, जोआनचं लग्न, आणि बोलणी वर्षानुवर्षं चाललेली. बोर्डो तेव्हा इंग्लंडच्या राजाच्याच ताब्यात, त्यामुळे वाटेत मुक्काम आपल्याच घरी असाच हिशेब होता. बरोबर चॅन्सेलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री, राहिलेला एक उमराव, एक कायदेपंडित, धनुर्धारी, आणि नवऱ्यामुलाकडून आलेला एक स्पॅनिश गवई. सामानात लग्नाच्या पोशाखाचं जाड रेशीम, त्यात सोन्याची जर, आणि प्रवासात प्रार्थनेसाठी लागणारं सगळं, त्यातल्या कापडावर ड्रॅगन भरलेले. लेक सासरी पाठवताना बापाने हात आखडला नव्हता.

आता तारीख. बऱ्याच ठिकाणी १ जुलै दिलीय, बऱ्याच ठिकाणी २ सप्टेंबर, आणि दोन्ही तारखा एकमेकींकडे न बघता पुढे कॉपी होत राहतात. दोन महिन्यांचा फरक, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण जुलै धरली तर बोर्डोत मरी जोर धरत असतानाच पोर गेली, कोणाला काही करायला वेळच मिळाला नाही. सप्टेंबर धरली तर मंडळींना विचार करायला आठवडे होते, आणि मग तिला लवकर हलवलं का नाही हा प्रश्न उभा राहतो. शहराच्या मेयरने आधीच सावध केलं होतं आणि ते कोणी मनावर घेतलं नाही, अशी गोष्ट सांगितली जाते, ती या दुसऱ्या तारखेलाच चिकटते. मला सप्टेंबरच जास्त पटते, कारण एडवर्डने अल्फोन्सोला मुलगी गेल्याचं कळवलं ते पत्र सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराचं आहे. बोर्डोहून निरोप यायला काही आठवडे लागतात, अडीच-तीन महिने नाही, आणि इतक्या मोठ्या सोयरिकीत व्याह्याला कळवायला कोणी एवढा उशीर करत नाही.

पण सप्टेंबर मानली म्हणून लगेच "इशारा धुडकावला, म्हणून मेली" असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. परत जायचं तर कुठे? त्याच वर्षी जूनमध्ये मरी इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि शरदात लंडनला पोचली. पिसवा, उंदीर हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. "ब्लॅक डेथ" हा शब्दही नंतरचा, ते लोक नुसतं "मोठी मरी" म्हणायचे. मंडळींनी शहर सोडून लोरेमो नावाच्या गावी तिला नेलं असं बहुतेक ठिकाणी येतं, म्हणजे जे सुचलं ते केलं.

त्या पत्रात राजा लिहितो की मरण म्हातारा-तरुण, गरीब-श्रीमंत कोणालाच सोडत नाही, आमची सगळ्यात लाडकी लेक आम्हा दोघांच्याही हातून गेली, आणि या दुःखाने आम्ही आतून कोलमडलो तर कोणाला नवल वाटू नये कारण आम्हीही माणसंच आहोत. "आम्हा दोघांच्याही", म्हणजे तुमची होणारी सून पण गेली. त्याच सप्टेंबरात घरातलं तान्हं बाळ, विल्यम, याचंही दफन झालं होतं.

जोआनचं शव आणायला एका बिशपला पाठवायचं ठरलं, पण तिची कबर आज कुठे दाखवता येत नाही. कोणी बोर्डो म्हणतं, कोणी बायोन.

लग्न मोडलं आणि भीती होती तेच झालं. १३५० च्या मार्चमध्ये जिब्राल्टरच्या वेढ्यात अल्फोन्सोही प्लेगने गेला, आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर विन्चेल्सीजवळ एडवर्ड स्वतः कॅस्टीलच्या जहाजांशी लढत होता. पेद्रोने १३५३ ला बूर्बोंच्या ब्लांशशी लग्न केलं आणि काही दिवसांतच तिला टाकलं, पुढे कैदेत ठेवलं, १३६१ ला ती तशीच गेली. "क्रूर" हे विशेषण त्याला उगाच नाही चिकटलं, आणि जोआन जगली असती तर याच माणसाच्या घरी नांदली असती. १३६७ ला नाहेराच्या लढाईत जोआनचा थोरला भाऊ त्याच पेद्रोच्या बाजूने लढला. १३७१ ला दुसऱ्या भावाने, जॉनने, पेद्रोच्या मुलीशी लग्न केलं, आणि त्यांची लेक कॅथरीन १३८८ मध्ये कॅस्टीलच्या युवराजाला दिली. जे नातं जोआनने जोडायचं होतं ते ४० वर्षांनी तिच्या भाचीने जोडलं.

लंडनमधल्या त्या काळच्या दफनभूमीतल्या हाडांवरून २०११ ला प्लेगच्या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याचा पूर्ण जनुकीय आराखडा, उभा केला गेला. याच जंतूची पुढची पिढी १८९६ ला मुंबईत आणि मग पुण्यात आली, आणि १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई याच रोगाने गेल्या.

शेवटी नावाचा घोळ, कारण यात फोटोसुद्धा चुकीचे लागतात. "जोआन ऑफ द टॉवर" ही खरी तिची आत्या, एडवर्डची बहीण, स्कॉटलंडची राणी, १३६२ ला वारली. पण भाचीलाही, म्हणजे आपल्या जोआनलाही, हेच नाव लावतात. वेस्टमिन्स्टर ॲबीत एडवर्डच्या थडग्याला त्याच्या १२ मुलांच्या छोट्या ब्राँझच्या मूर्ती होत्या, त्यातल्या दक्षिण बाजूच्या सहा उरल्यात आणि त्यातली एक या नावाची. ती भाचीची, बोर्डोला गेलेल्या पोरीची.