परदेशी रुग्णालयातलं प्लेसमेंट : पात्रता, कागदपत्रं आणि शिकण्याची तयारी

परदेशातल्या रुग्णालयात काही आठवड्यांचं प्लेसमेंट (नोकरी नव्हे, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिथे जाऊन शिकणं) करायचं ठरलं की विद्यार्थी आधी विमानाची तिकिटं बघतात. खरं तर आधी लसीकरणाचं कार्ड काढावं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने अशा अंतराने घेतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासतात. लस झालेलीच नसेल तर यातच सात-आठ महिने जातात, म्हणून वर्षभर आधी सुरुवात करा.

पात्रता बहुतेक ठिकाणी सारखीच. वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी वगैरे अभ्यासक्रमाच्या वरच्या वर्षात असणं, आपल्या कॉलेजची लेखी परवानगी आणि तिथे चालणारी भाषा येणं. मात्र ऑब्झर्व्हरशिप आणि प्रत्यक्ष क्लिनिकल काम यांतला फरक अर्ज करण्याआधीच विचारून घ्या. ऑब्झर्व्हरशिपमध्ये फक्त उभं राहून बघायचं असतं, रुग्णाला हात लावायचा नसतो. व्हिसा कुठला लागेल आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा (आपल्या चुकीने रुग्णाला इजा झाली तर भरपाईसाठीचा) हवा का, हे यावरच ठरतं. पर्यटक व्हिसावर क्लिनिकल काम चालेल असं गृहीत धरू नका.

अर्जात 'शिकण्याची उद्दिष्टं' असा रकाना असतो. तो शेवटच्या रात्री भरला जातो, आणि मग त्यात 'तेथील आरोग्यव्यवस्था जवळून पाहणे' असलं काहीतरी येतं. असं उद्दिष्ट पूर्ण झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी असं लिहून बघा : 'प्रसूतीनंतर रक्तस्राव वाढल्यास बाईला मोठ्या रुग्णालयात हलवायचं की नाही हे कोण, कशावरून ठरवतं, हे समजून घेणे.' हे वाचून तिथल्या सुपरवायझरला तुम्हाला कुठल्या वॉर्डात पाठवायचं ते कळतं, आणि रोज काय टिपायचं ते तुम्हालाही. अशी तीन उद्दिष्टं पुष्कळ झाली. त्यातलं एक स्वतःबद्दलचं असू द्या, उदाहरणार्थ भाषा न समजणाऱ्या रुग्णाशी आपण कसे वागतो.

कागदपत्रांत पासपोर्ट (परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला बरा), यजमान संस्थेचं स्वीकृतीपत्र, कॉलेजचं शिफारसपत्र, गुणपत्रिका, लसीकरणाच्या नोंदी, क्षयरोगाची तपासणी आणि प्रवास व आरोग्य विमा हे जवळपास सगळीकडे लागतं. काही ठिकाणी पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागतात. पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचं प्रमाणपत्र लागणार असेल तर ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतं, हे लक्षात ठेवा. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं.

एक प्रश्न अर्जात नसतो, तो तुम्हीच विचारा. रुग्णासाठी वापरलेली सुई चुकून आपल्याला टोचली तर कुठे जायचं? एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती तिथे मिळणार का, हे मेलवर लेखी घ्या.

आपल्या कॉलेजात जे करायची मुभा नाही, ते तिथेही करायचं नाही. माणसं कमी पडतात तिथे 'तू टाक ना टाके' असा आग्रह होतो. नकाराचं वाक्य घरूनच पाठ करून जा, तिथे ऐनवेळी सुचत नाही.

परतल्यावर बहुतेक कॉलेजं चिंतनपर अहवाल मागतात. त्यासाठी शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्स यांचं १९८८चं सहा टप्प्यांचं चक्र प्रचलित आहे : काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट होतं, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. विद्यार्थी पहिल्या टप्प्यावर दोन पानं खर्च करतात आणि 'असं का झालं' एका ओळीत उरकतात. दमलेल्या दिवशी 'काय झालं, त्याचं काय, आता काय' एवढे तीन प्रश्न पुरतात. निघण्यापूर्वी मात्र एक पान लिहून ठेवा : त्या रुग्णालयाबद्दल, तिथल्या माणसांबद्दल आत्ता मला काय वाटतं? परतल्यावर तेच पान सगळ्यात जास्त कामाला येतं, थोडं लाजवतंही.

रोजच्या नोंदींच्या वहीत रुग्णाचं नाव, खाटेचा क्रमांक, फोटो नको. दुर्मिळ आजार आणि लहान गाव एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

मूल्यमापनाच्या फॉर्मवर सुपरवायझरची सही शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच घ्या. शेवटच्या दिवशी ते नेमके सुट्टीवर असू शकतात.