बॅटरी घडली थंडीसाठी, वापरायची नागपुरात

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. नागपूरच्या मे महिन्यात ट्रक चालवणाऱ्याला या नियमाचं महत्त्व समजावून सांगायला नको. पण हा एसी इंजिनावर चालतो. वाडीच्या गोदामाबाहेर किंवा कळमन्यात नंबर लागायची वाट बघत गाडी उभी असते, तेव्हा इंजिन बंद आणि एसीही बंद. मग बॅटरीवर चालणारा एसी बसवायचा विचार सुरू होतो. पंखा, टेप, मोबाइलचं चार्जिंग आणि जास्तीचे दिवे तर त्याच बॅटरीवर आधीपासून असतातच. एवढा भार तिला का झेपत नाही, याचं उत्तर शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे.

शिसे आणि आम्लाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये तयार केली. 1881 मध्ये कामीय फोर यांनी प्लेटवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत काढली आणि बॅटरी व्यवहारात वापरण्याजोगी झाली. गाडीतलं तिचं आजचं काम मात्र ठरलं 1912 मध्ये. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर त्या वर्षी कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडल मारणं सुटलं. सेल्फला काही सेकंदच, पण शेकडो अँपियर लागतात. त्यासाठी प्लेटा पातळ आणि जास्त संख्येनं हव्यात. अशी बॅटरी दणका चांगला देते, पण तासन्‌तास रिकामी होत राहिली की लवकर मरते. आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये आजही याच वंशाची बॅटरी आहे.

तिची ताकद मोजायची पद्धतही थंड देशांतली. कोल्ड क्रँकिंगचा आकडा, म्हणजे गारठ्यात सेल्फसाठी बॅटरी किती अँपियर देऊ शकते तो, उणे 18 अंशांवर काढतात. नागपुरात डिसेंबरच्या अधिवेशनाला आलेले पाहुणे कितीही कुडकुडले, तरी त्या आकड्याचा आपल्याला फारसा उपयोग नाही. इथला शत्रू ऊन आहे. बाहेर 45 अंश असताना बॉनेटखाली तापमान किती असेल याचा अंदाज करा. तापमान 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. उष्णतेनं आतली जाळी गंजते, पाणी उडतं. म्हणूनच उष्ण प्रदेशांसाठी आम्ल थोडं सौम्य ठेवायची जुनी रीत आहे: आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर 1.280 ऐवजी 1.240 च्या आसपास.

चार्जिंगलाही हेच लागू पडतं. 12 व्होल्टच्या बॅटरीला 25 अंशांवर 14.4 व्होल्ट योग्य असतील, तर ती 45 अंशांवर गेल्यावर साधारण 14 व्होल्टच पुरतात. चार्जिंगचे व्होल्ट ठरवणारा रेग्युलेटर तापमान ओळखत नसेल तर उन्हाळाभर ओव्हरचार्ज होत राहतं. झाकणं उघडून डिस्टिल्ड पाणी घालता येतं त्या बॅटरीला निदान दुरुस्तीची सोय आहे. एजीएम, म्हणजे काचेच्या तंतूंच्या गादीत आम्ल धरून ठेवणारी बॅटरी, सीलबंद; तिचं पाणी गेलं ते गेलं. दर महिन्याला पाणी बघणारा माणूस असेल, तर इथल्या उन्हात मी सीलबंद बॅटरीसाठी जास्त पैसे घालणार नाही.

गाडी चालताना बॅटरी भरायचं काम इंजिनावर फिरणाऱ्या जनरेटरचं. त्यातला जुना डायनॅमो इंजिन संथ चालताना जवळजवळ काहीच देत नसे. एसी विजेची डीसी करणारे सिलिकॉन डायोड स्वस्त झाले तेव्हा त्याच्या जागी अल्टरनेटर आला. 1960 ची क्रायस्लर व्हॅलियंट ही तो घेऊन मोठ्या संख्येनं निघालेली पहिली मोटार. तरीही न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत तो पूर्ण जोर लावत नाही.

आता ट्रकचा हिशेब. 24 व्होल्टसाठी 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी अशा जोडलेल्या असतात. बॅटरीत किती वीज मावते ते अँपियर-तासांत (अँपियर गुणिले तास) मोजतात. 150 अँपियर-तासांच्या दोन म्हणजे 300, असं सर्रास धरलं जातं. ते चूक. व्होल्ट दुप्पट होतात, अँपियर-तास 150 च राहतात. एसीनं सरासरी 500 वॅट खाल्ले तर 21 अँपियर. सहा तासांत 125 गेले. सकाळी सेल्फ लागेल याची खात्री नाही. निम्म्यापेक्षा खाली न्यायची नसेल तर एसीसाठी 250 अँपियर-तासांची वेगळी जोडी हवी, तीही जाड प्लेटांची किंवा ट्यूब्युलर (नळ्यांच्या प्लेटांची). आणि ती परत भरायची कशी? 45 अँपियरच्या अल्टरनेटरमधले 20 दिवे-पंख्यांत गेले, तर उरलेल्या 25 वर, चार्जिंगमधली तूट धरून, किमान सहा तास गाडी पळायला हवी. शेवटचा पाचवा हिस्सा तर फारच सावकाश भरतो. बॅटरी मोठी केली आणि अल्टरनेटर तोच ठेवला, की ती कायम अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतो.

टेपसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढायची खोड त्याहून वाईट. चार्जिंग दोघींना एकत्रच होतं, त्यामुळे एक उपाशी राहते आणि दुसरी उकळते. 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर नव्या बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा व्होल्टेज संगणक वरखाली करतो. दुसरी बॅटरी त्याला थेट जोडली तर भरेलच असं नाही. मधे डीसी-डीसी चार्जर लागतो, म्हणजे आलेले व्होल्ट बॅटरीला हवे तेवढे करून देणारं यंत्र. लिथियम आयर्न फॉस्फेट या शिशाविना बनणाऱ्या बॅटरीला तर तो हवाच, कारण ती रिकामी असताना अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर जळू शकतो. ही बॅटरी हलकी आहे, जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. पण तिच्या चार्जिंगलाही तापमानाची मर्यादा असते, अनेकदा 45 ते 55 अंशांची. त्यामुळे नागपुरात ती इंजिनाशेजारी किंवा सायलेन्सरजवळ न बसवता केबिनच्या आत, सीटखाली बसवावी लागते.